अजून कागदावर

फरशीवर जुना पेपर पसरून
गुडघ्यांवर वाकून मी
माझ्याच खांद्याची रेघ शोधतेय.
डावा अर्धा इंच खाली उतरलाय.
अठ्ठावीस वर्षं टपालाची पिशवी ह्याच बाजूला,
रेवदंडा, थेरोंडा, आग्राव, शनिवार सोडून.
शिवणार मीच, हुरझूक मास्तरांचा फक्त खडू आणि सल्ला.
ते म्हणाले, शेगुलाबाय, आत कापसाची पट्टी घालू, दिसणार नाही.
नको म्हटलं.
ज्याच्यापुढे उभं राहायचंय
त्याच्याकडे माझं माप आधीपासून आहे.

कापड अलिबागचं. केंब्रिक, पांढरं, साडेतीन मीटर.
आधी भिजवून आटवून घेतलं.
भाद्रपदात वाळायला तीन दिवस,
दोरीवरून उतरलं तेव्हा त्याला सुपारीच्या वाडीचा वास.

दारफाळणीच्या सणाला आमच्यात पांढरंच.
आई नऊवारी नेसायची, बिनकाठाची.
शेजारची धुरपी दर वर्षी दचकायची,
"अगं रिबका, नवरा जिता असताना?"
आई दारातून नुसता हात हलवायची.
त्या दिवशी उपास, आणि बोलायचंही नाही कुणाशी.

लोडहून भाची फोटो धाडते,
घोट्यापर्यंत घेर, गळ्याला बारीक लेस,
आत्या, असलं शिव.
छान आहे गं.
पण मला कुडता हवा.
गुडघ्याखाली चार बोटं, दोन्ही बाजूंना कट,
सायकलवर टांग टाकता येईल एवढा.

इथे खडू थांबला.
दोन कट म्हणजे चार कोपरे.
चार कोपऱ्यांच्या वस्त्राला गोंडे लावा,
गोंड्यात एक दोरा निळा, असं लिहिलंय.
पुरुषांना. बायकांना सूट आहे, बाबा म्हणायचे.
मी कधी मागितली होती?

तो निळा म्हणे समुद्रातल्या शंखातून काढायचे.
ओहोटीला सहज पुळणीवर गेले
तर धुरपीची सून कालवं फोडत बसलेली.
"खवल्याबिगर मासा तुमाला चालत नाय,
नि शिंपल्यात काय हुडकताव?"
रंग, म्हटलं.
तिने कोयती पाण्यात विसळली,
"येवढा पडलाय की समोर."

खिशांवर मास्तर अडले.
उपासाच्या दिवशी पैसा नाही, किल्ली नाही,
खिसे कशाला?
बरोबर आहे.
पण आईचं शेवटचं वस्त्र मीच शिवलं होतं,
ह्याच फरशीवर, ह्याच कात्रीने.
दोऱ्याला गाठ मारायची नाही, तसंच शिवतात.
खिसा ठेवायचा नाही, न्यायचं काय तिकडे.
पांढरा तोच.
ओळखायचं कसं मग, कुठलं कुठे घालायचं?

मास्तर काही वेळ खडू चोळत राहिले.
आमच्यात तर, म्हणाले, शिवतसुद्धा नाहीत.

म्हणून दोन खिसे. खोल, मनगट बुडेल असे.
आणि टाका संपला की गाठ,
दुहेरी, उलट्या बाजूने,
पोटरीला टोचली तर टोचली.

चौथ्या कोपऱ्याचं मात्र ठरत नाही.
गोल कापला की प्रश्न मिटतो, जुने लोक तसंच करायचे.
तो मिटवायचा की निळा दोरा आणायचा
की आतून, कुणाला न दाखवता, शिवणीत घालायचा,
डाव्या खांद्याच्या, जिथे तो उतरतो तिथे.

आज शुक्रवार.
ऊन खाडीच्या तोंडाशी टेकलं.
ओढणीला टोचलेली सुई आठवणीने काढते,
नाहीतर अंगावरच राहून शनिवारात शिरायची.
पणज्यांचा घाणा ह्या वेळी थांबायचा,
गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं.
मी मशीनवर चादर टाकते,
वातीला खोबरेल घालते.

कात्री रविवारी.
तोवर कापड घडीत आहे,
अजून कुठेच न कापलेलं.
उलगडून मोजलं तर
त्यालाही कोपरे चारच.